जुन्या गाडीचे मागचे दिवे आणि पाणी लागलेली वायरिंग: बिघाड कसा शोधावा

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. लाइट लावून ब्रेक मारला की एका बाजूचा दिवा उजळायच्या ऐवजी चक्क विझतो. गाडी धुतली की दोन दिवस मागे सगळाच अंधार. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या ओम्नी, मारुती ८००, सुमो, बोलेरो अशा गाड्यांत ही लक्षणं सर्रास दिसतात. बल्ब बदलला की आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. अशा वेळी दोष बहुधा बल्बात नसतो, अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जायच्या वाटेत असतो. आणि अर्थिंग खाणारं पाणी ज्या वाटेने आत येतं, ती वाट कुणी बुजवलेलीच नसते.

सोलापुरात पाऊस बेताचा, म्हणून इथल्या गाडीला पाण्याची भीती नाही असं समजू नका. मार्च ते मे पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात टेललॅम्पमागचं रबर आणि डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, कडक होऊन तडकतं. मग सप्टेंबरात परतीचा पाऊस धो धो कोसळतो आणि त्याच भेगांतून पाणी आत उतरतं. पाठोपाठ गळीत हंगाम सुरू होतो. मंगळवेढा, अक्कलकोटच्या रस्त्यांवर रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते, आपण ब्रेकवर उभे राहतो, आणि मागून येणाऱ्याचा जीव आपल्या त्या दोन लाल दिव्यांवर असतो. म्हणून हे काम पाऊस उघडल्यावर लगेच करा, पासिंगची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका.

सामान थोडकंच लागतं: स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर, मल्टीमीटर, चार-पाच मीटर वायर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच बनवा. २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून दोन वायरी काढायच्या आणि टोकांना क्लिपा लावायच्या. हा लॅम्प मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळे कुजलेली वायर तिथल्या तिथे उघडी पडते. फक्त नव्या, कॉम्प्युटरवर दिवे चालणाऱ्या गाडीत आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींवर हा लॅम्प वापरायचा नाही.

आधी लक्षणं नीट बघा

संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि घरातल्या कुणाला तरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. पार्किंग लाइट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स, सगळं आधी एकेकटं लावून बघा, मग जोडीजोडीने. जे दिसेल ते कागदावर लिहा. अर्ध्याहून जास्त निदान या कागदावरच होतं.

दोन्ही ब्रेकलाइट बंद आणि बाकी सगळं ठीक, तर फ्यूज बघा आणि मग पेडलवरचं ब्रेक स्विच. स्विचच्या दोन वायरी तात्पुरत्या जोडून दिवे लागले तर स्विच गेलं. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब पेटत नाही. दोन्ही बाजूंचे पार्किंग लाइट एकदम गेले असतील तर मागे शोधत बसू नका, फ्यूज आणि लाइटच्या स्विचकडे जा. फ्यूज उडाला असेल तर झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच नवा लावा. तोही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणं म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी आहे.

आणि एक दिवा लावला की भलताच दिवा पेटत असेल, तर अर्थ.

अर्थ गेला की दिवे असे का वागतात

मागच्या बल्बात बहुधा दोन फिलामेंट असतात, पार्किंगची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. दोघींचा करंट एकाच अर्थमधून परत जातो. ती वाट बंद झाली की ब्रेकचा करंट उलटा पार्किंगच्या फिलामेंटमधून निघतो, त्या वायरीने दुसऱ्या बाजूच्या दिव्यात, नंबर प्लेटच्या दिव्यात, कधी थेट डॅशबोर्डच्या दिव्यांत जाऊन तिथला अर्थ गाठतो. म्हणून लाइट बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा मीटर मंद उजळतो. लाइट लावून ब्रेक मारला तर दोन्ही फिलामेंटना एकाच वेळी १२ व्होल्ट येतात, परतीला वाटच उरत नाही आणि दिवा विझतो.

खात्री करायला एक मिनिट लागतं. लांब वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरं होल्डरच्या अर्थला टेकवा. दिवा एकदम लख्ख झाला तर चोर सापडला. मीटरने बघायचं तर ब्रेक दाबलेला ठेवून होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यातला व्होल्टेज मोजा. तो पाव व्होल्टच्या आतच हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ सडला आहे.

बल्बही एकदा हातात घेऊन बघाच. तुटलेली फिलामेंट शेजारच्या फिलामेंटवर पडली तरी हेच सगळे खेळ होतात. शिवाय या बल्बाच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. जोर करून उलटा घुसवलेला बल्बही मी पाहिला आहे.

होल्डर आणि वायर उघडून बघा

आता बॅटरीचा मायनस काढा आणि दिवा खोला. होल्डरच्या तळाशी पितळी पत्ती असते. तिच्यावर हिरवट पावडर, स्प्रिंगवर गंज, आणि बोअरच्या पाण्याने गाडी धुतली जात असेल तर क्षाराचा पांढरा थर दिसेल. पॉलिश पेपरने पत्ती चकचकीत करा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पत्ती दबली असेल तर हलकेच वर उचला. होल्डर वितळला असेल तर नवाच घ्या.

मग अर्थची वायर, बहुतेक गाड्यांत काळी, जिथे बॉडीला स्क्रूने कसली आहे तिथपर्यंत जा. ती जागा बहुधा डिकीच्या बाजूच्या कार्डबोर्डमागे असते. स्क्रू काढा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही, गंजाचा थर मध्ये तसाच राहतो.

वायर पाण्यात किती मुरली आहे, हे वरून कळत नाही. दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसं वायरीच्या बारीक तारा पाणी आतल्या आत ओढतात. कपलरपाशी, म्हणजे वायरी एकमेकींत खोचायच्या प्लास्टिकच्या जोडापाशी, बोटभर प्लास्टिक सोला. तांबं लालसर चमकत असेल तर ठीक. काजळीसारखं काळं असेल, बोटाने चोळल्यावर तारा भुगा होऊन तुटत असतील, तर पुढे कापत जा, लख्ख तांबं लागेपर्यंत. वीतभर कापूनही काळंच निघालं तर तुकडे जोडत बसू नका. कपलरपासून कपलरपर्यंत त्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची नवी वायर ओढा.

जोड सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप सोलापूरच्या मे महिन्यात टिकत नाही. तिचा गोंद पाघळतो आणि टेप घसरून जोड उघडा पडतो. डिकीच्या बिजागरीपाशी मात्र सोल्डर टाळा, कारण कडक झालेली वायर सतत वाकून जोडाशेजारी तुटते. तिथे अखंड वायर घाला, नाहीतर दाबून बसवायचे जोड वापरा. डिकी उघड-बंद करताना दिवा लुकलुकत असेल तर बिजागरीपाशी वायरी ज्या रबरी नळीतून जातात, तिच्यातच तुटकी वायर असणार. वरचं प्लास्टिक पुष्कळदा शाबूत असतं, तेव्हा वायर हलकेच ताणून बघा.

गाडी पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात उभी राहिली असेल तर गाळ वाळण्याआधी कपलर सोडवा, स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि मगच बॅटरी जोडा. ओल्या कपलरमध्ये करंट चालू राहिला की पिना झपाट्याने झिजतात.

पाण्याची वाट शोधा

डिकीतला गालिचा, स्टेपनी सगळं बाहेर काढा. आतून पुसून कोरडं करा आणि खडूची पूड भुरभुरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावं, आणि तेही खालून वर जात: आधी दिव्याच्या खालची कड, मग वरची, मग डिकीचं बीडिंग, शेवटी मागच्या काचेचं रबर. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच उमगत नाही. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंपही इथे नको, तो धडधाकट रबरातूनही पाणी घुसवतो. खडूच्या पुडीवर जिथून ओघळ उठेल, तीच वाट.

टेललॅम्पचं रबर बदला. मिळत नसेल तर सिलिकॉन लावा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं आम्ल वाळताना आसपासचं तांबं खातं. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन म्हणून मागा. दिव्याला खालच्या बाजूला पाणी निघायचं भोक असेल तर ते बुजवू नका, टोकदार तारेने साफ करा. कपलर बसवण्याआधी वायरीला त्याच्याखाली उतरणारा एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब कपलरमध्ये न शिरता तिथेच टपकेल.

दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीसारखी धुवा आणि संध्याकाळी तोच कागद घेऊन सगळे दिवे पुन्हा जोडीजोडीने लावून बघा. तरीही फ्यूज उडत असेल, किंवा डिकीपासून फ्यूजबॉक्सपर्यंतची सगळीच वायरिंग कडक होऊन तडकलेली दिसत असेल, तर गाडी इलेक्ट्रिकवाल्या मिस्त्रीकडे न्या आणि तो कागद त्याच्या हातात द्या.