मंडळी (चर्च) वाढत नाही? सुवार्ताकार्यातल्या या चुका टाळा

सुवार्तासभेत, म्हणजे येशूचा संदेश सांगणाऱ्या सभेत, विश्वास ठेवल्याची खूण म्हणून कितीतरी हात वर होतात. दोन महिन्यांनी रविवारच्या उपासनेत पाहावं, तर चेहरे तेच. मग दोष कधी वक्त्याला दिला जातो, कधी ऐकणाऱ्यांच्या कठीण मनाला. माझ्या मते बिघाड बहुतेक वेळा सभेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

सभा संपली की काम संपलं असं मानणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला, येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण ऐकून सुमारे ३,००० जणांनी बाप्तिस्मा घेतला, हे आपण आवर्जून सांगतो. पण लगेच पुढचं वचन, प्रेषितांची कृत्ये २:४२, सांगतं की ही माणसं शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत टिकून राहिली. अंत्युखिया शहरात बर्णबाने शौलाला, म्हणजेच पौलाला, तार्सहून शोधून आणलं आणि दोघांनी वर्षभर शिकवलं. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव तिथेच पडलं. करिंथात पौल दीड वर्ष राहिला. मत्तय २८:१९-२० मध्येही मूळ ग्रीकमधलं मुख्य आज्ञार्थी क्रियापद ‘शिष्य करा’ हेच आहे. बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं त्याच्या आधाराने येतं.

म्हणून सभेची तारीख ठरवण्याआधी भेटीला कोण जाणार ते ठरवा. प्रत्येक नव्या माणसासाठी एक विश्वासू सोबती हवा आणि पहिली भेट त्याच आठवड्यात व्हायला हवी. मार्काचं शुभवर्तमान थोडं थोडं सोबत वाचा, शंका विचारू द्या, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. भेटीला जाणारी माणसंच नसतील तर सभा पुढे ढकला.

सगळा भार पाळकावर टाकणं हीही जुनी खोड. अंत्युखियाची मंडळी छळामुळे पांगलेल्या, आज नावंही माहीत नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुरू केली. इफिस ४:११-१२ नुसार सुवार्तिक आणि पाळक यांचं काम पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करणं आहे. नव्या विश्वासणाऱ्याला त्याच्या जुन्या मित्रांपासून, नातलगांपासून तोडू नका. येशूला भेटलेली शोमरोनी स्त्री विहिरीवरून थेट आपल्या गावकऱ्यांकडेच गेली होती.

नवी मंडळी उभारताना काही जण आधी सभागृह घेतात, ध्वनियंत्रणा आणतात आणि मग माणसं शोधायला निघतात. फिलिप्पै शहरात पौलाच्या कामाची सुरुवात नदीकाठी झाली, पुढे तिथल्या लुदिया नावाच्या स्त्रीचं घर उघडलं. बाहेरच्या पैशावर उभं केलेलं काम पैसा आटला की थांबतं. १८९० साली चीनमध्ये काम करणारे अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हियस कोरियाला गेले तेव्हा त्यांनी तिथल्या मिशनऱ्यांना हेच सांगितलं: नव्या ख्रिस्ती माणसाने आपला व्यवसाय सोडू नये, त्यातच राहून साक्ष द्यावी आणि मंडळीने आपला खर्च स्वतः उचलावा. कोरियातल्या मंडळ्यांच्या वाढीमागे ही पद्धत एक मोठं कारण मानली जाते.

आमिष किंवा भीती दाखवून माणूस आणू नका, कधीच नाही. तसा आलेला माणूस ख्रिस्ताकडे आलेलाच नसतो.

शेजारच्या मंडळीतून आलेल्यांनाही वाढीत धरू नका. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधायचं नाही, असं पौलाने रोमकरांस लिहिलं होतं (१५:२०). तुमची नोंदवही उघडा आणि गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी किती जणांनी त्याआधी कुठल्याच मंडळीत पाऊल ठेवलं नव्हतं, ते मोजा.