वजनदार बांध्याच्या माणसाने हॅमॉकमध्ये रात्रभर झोपायचे कसे

पावसाळा सरला की बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला शेतघरी किंवा काजूबागेत मुक्कामाला जाणाऱ्यांच्या सामानात आता हॅमॉक दिसू लागला आहे. तिथली जमीन दगडगोट्यांची, उताराची आणि दसऱ्यापर्यंत ओलसर असल्यामुळे तंबूसाठी सपाट जागा शोधत बसण्यापेक्षा दोन झाडांमध्ये कापडाची झोळी बांधणे सोयीचे पडते. मात्र शंभर किलोंच्या पुढे वजन असलेली मंडळी एखादी रात्र खांदे आवळून, पाठ वाकवून काढतात आणि हा प्रकार आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकतात. माझे वजन 120 किलो आणि उंची सहा फूट आहे, आणि मी आज हॅमॉकमध्ये घरच्या पलंगाइतकाच शांत झोपतो. म्हणूनच ज्यांनी हा नाद सोडून दिला त्यांना पुन्हा एकदा बांधून पाहा असे मनापासून सांगावेसे वाटते. अडचण बहुतेक वेळा वजनाची नसते, बांधण्याच्या पद्धतीची असते.

जड माणसाची पहिली चूक अगदी स्वाभाविक असते: आपल्या भाराने कापड जमिनीला टेकेल या भीतीने तो हॅमॉक ताणून, जवळजवळ आडवा बांधतो. मीही जांबोटीजवळ एका नातलगांच्या बागेत, दोन आंब्यांच्या मध्ये, खाटेसारखा ताठ दिसेपर्यंत हॅमॉक झाडाला बांधायचे पट्टे ओढले होते. आत शिरताच दोन्ही बाजूंचे कापड खांद्यांवर चढले, छाती आवळली गेली, आणि मध्यरात्री कूस बदलताना पट्ट्यासोबत मिळालेला हलका हुक सरळ होऊन मी कमरेवर आदळलो. पुढे आठवडाभर वाकताना कंबर धरत होती. दोष हुकाचा होता तसाच त्या ताणाचाही होता, आणि तो ताण आकड्यांत मांडला की लगेच ध्यानात येतो.

पट्टा जमिनीच्या पातळीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर 120 किलोंच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर साधारण 120 किलोंचाच ताण येतो. हाच कोन 20 अंशांवर आला की ताण सुमारे 175 किलो होतो, आणि 10 अंशांवर तो 345 किलोंच्या घरात जातो. आत बसताना किंवा कूस बदलताना बसणारा हिसका यात धरलेलाच नाही. म्हणजे भार पेलावा म्हणून आपण जितके जास्त ताणतो, तितका तो भार आपणच वाढवत असतो. जमिनीपासून अंतर हवे असेल तर पट्टे ताणण्याऐवजी झाडावर वर सरकवावेत.

कोन मोजायला उपकरण लागत नाही. उजव्या हाताची तर्जनी समोर आडवी धरून अंगठा सरळ वर उभा करावा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत कल्पिलेली तिरकी रेषा साधारण 30 अंशांची असते. पट्टा त्या रेषेला समांतर दिसला की पुरे. झाडांमधले अंतर बारा ते पंधरा फूट असल्यास पट्टे बहुधा डोक्याच्या आसपासच्या उंचीवर येतात. अंतर जास्त असेल तर आणखी वर. वजनदार माणसाच्या बाबतीत कापड आणि पट्टे दोन्ही जरा जास्त ताणले जातात, म्हणून पहिल्यांदा अंदाजापेक्षा वीतभर उंच बांधून, बसून पाहून, मग खाली आणावे. आत बसल्यावर आपले बूड गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर राहिले पाहिजे. त्याहून उंच बांधण्याचा मोह टाळावा, कारण पडलोच तर ती उंची अंगाला लागते.

एकदा जमलेला सैलपणा दर वेळी तसाच मिळावा यासाठी हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून ठेवतात. तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे 83 टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. अकरा फुटी हॅमॉकला ती नऊ फूट दीड इंच भरते. अंग टाकल्यावर ही दोरी दोन बोटांनी चिमटीत धरून थोडी वाकवता आली पाहिजे. वीणेच्या तारेसारखी कडक लागत असेल, तर पट्टे सैल करावेत.

आता कापडाविषयी. दुकानात स्वस्तात मिळणारे नऊ फुटांपर्यंतचे हॅमॉक दुपारी मासिक चाळत पडायला ठीक असतात, पण उंच आणि रुंद माणसाने रात्रीसाठी अकरा फूट लांब आणि निदान पाच फूट रुंद कापड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लांबी कमी असेल तर पुढे सांगितलेले तिरके झोपणे साधतच नाही. लेबलवरील भारक्षमता आपल्या वजनाच्या दीडपट तरी असावी. अतिशय तलम कापड जड अंगाखाली रबरासारखे ताणत राहते आणि पहाटेपर्यंत माणूस वाकून जातो, म्हणून जाड विणीचे किंवा दुहेरी कापड बरे. दुहेरीचा आणखी एक लाभ असा की अंगाखाली घट्ट ताणलेल्या एकेरी कापडातून डास खालून चावतात, ते बरेच कमी होते. सुती झोळी लहान मुलाला ठीक. आपल्याकडच्या दमट हवेत ती ओल धरते आणि वाळत नाही.

पट्टे पॉलिएस्टरचे, दीड-दोन इंच रुंद घ्यावेत. नायलॉन ओले झाले की सैलावते, आणि गोठ्यातले दावे वापरले तर ते झाडाच्या सालीत रुतते व झाडाला इजा करते. कॅराबिनरवर, म्हणजे पट्टा आणि हॅमॉक जोडणाऱ्या उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर, 22 किलोन्यूटन असा आकडा कोरलेला असला तर तो सव्वादोन टनांच्या आसपास भार सोसतो. ज्याच्यावर काहीच कोरलेले नाही, तो किल्ल्यांच्या जुडग्याला लावावा, स्वतःच्या भाराला नव्हे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे आत पडायचे कसे. हॅमॉकच्या मध्यरेषेवर सरळ पडलात तर शरीर केळ्यासारखे वाकणारच, मग बांधणी कितीही अचूक असो. आधी मधोमध पडावे, मग दोन्ही पाय उजवीकडे हातभर सरकवावेत आणि डोके व खांदे तितकेच डावीकडे न्यावेत. अंग असे कोनात आले की आपल्या खालचे कापड पसरते, कडा खांद्यांवरून बाजूला होतात आणि पाठ बरीचशी सपाट होते. तो क्षण अंगालाच कळतो: छातीवरची पकड सुटते आणि श्वास पोटापर्यंत जातो. काहींना पाय डावीकडे बरे वाटतात. दोन्ही करून पाहावे. पुष्कळांना याच स्थितीत कुशीवरही झोपता येते.

तरीही दोन तक्रारी उरतात. एक म्हणजे रात्री घसरत पायांकडे जाणे. धडाचा भार मोठा असलेल्यांना हा त्रास अधिक होतो, म्हणून पायांकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा आठ ते बारा इंच उंच बांधावा. दुसरी म्हणजे पोटऱ्यांखाली कापडाची एक ताठ घडी उभी राहते आणि गुडघे मागच्या बाजूला ताणले जातात. गुडघ्यांखाली गुंडाळलेले जाकीट किंवा छोटी उशी सरकवली की गुडघे किंचित वाकतात आणि ती घडी टोचत नाही. मानेखाली मात्र जाड उशी नको. कापडाचा उतार डोके आधीच उचलून धरतो, तिथे दुमडलेला टॉवेल पुरतो.

थंडी खालून लागते, हे नवख्यांना पटत नाही. अंगाखाली पांघरूण घेतले तर वजनाने ते दबते, त्यातली हवा निघून जाते आणि पाठ गार पडते. वजन जितके जास्त, तितके ते अधिक दबते. म्हणून उबेचा थर हॅमॉकच्या बाहेरून, खाली लटकवावा लागतो. यासाठी तयार अंडरक्विल्ट मिळते, पण आपल्या घरातली वाकळ, जिला आमचे कन्नड शेजारी कौदी म्हणतात, तीही हे काम करते. तिच्या चार कोपऱ्यांना नाड्या शिवून ती हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अशी बांधावी की ती पाठीला जेमतेम टेकेल, दाबली जाणार नाही आणि मध्ये झोळही पडणार नाही. डिसेंबरच्या पहाटे कणकुंबीकडे दव पडते तेव्हा हा एक थर असणे आणि नसणे यात झोप लागणे आणि उजाडण्याची वाट पाहणे इतका फरक आहे.

झाड निवडताना खोडाचा घेर निदान दोन फूट असावा आणि ते जिवंत, सरळ असावे. शेवगा, पांगारा ठिसूळ असतात. फळे धरलेल्या फणसाखाली व नारळाखाली झोपू नये, आणि वरच्या वाळक्या फांद्या उजेड असतानाच पाहून घ्याव्यात. गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप पश्चिम घाटात आहे, म्हणून पिशवी आणि बूटही जमिनीवर न टाकता टांगून ठेवावेत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. ओळखीच्या मालकीच्या बागेतच बांधणे योग्य. पावसाचे चिन्ह असेल तर वर ताडपत्री हवीच, शिवाय दोन्ही पट्ट्यांना हॅमॉकच्या थोडे अलीकडे एकेक सुतळी लोंबती ठेवावी, म्हणजे खोडावरून येणारे पाणी तिच्यावरून खाली ठिबकते.

चढताना पाठ हॅमॉककडे करून दोन्ही हातांनी कापड मागे पसरून धरावे, मधोमध हळूहळू भार देत बसावे, पट्टे व गाठी दोन्हीकडे बघाव्यात आणि मगच पाय वर घ्यावेत. उडी मारून बसू नये. उतरताना आधी दोन्ही पाय एकाच बाजूला जमिनीवर पक्के रोवावेत, कापड गुडघ्यांमागे घ्यावे आणि रिजलाइनला न लोंबकळता, मांड्यांवर हात टेकून उठावे. पहिला सराव घराच्या परसात, दुपारी तासभर करावा. दोन-तीन दुपारी पट्ट्यांची उंची आणि पडण्याची बाजू ठरली, की त्या उंचीवर पट्ट्याला रंगीत दोऱ्याची खूण करून ठेवावी. रात्री बॅटरीच्या उजेडात बांधताना तीच खूण उपयोगी पडते.