मातीचा लेप लावताय? या चुका टाळा

लेप चेहऱ्यावर तडकेपर्यंत ठेवणं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. कडक झाला म्हणजे काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण त्वचेवरचं जादा तेल शोषून घेण्यापलीकडे मातीला फारसं काही करायचं नसतं. ठणठणीत वाळलेला लेप त्वचेचा ओलावाच ओढायला लागतो, आणि आकसताना त्वचाही ताणतो.

म्हणून घड्याळापेक्षा लेपाकडे पाहा. आधी कडा फिकट होतात, मग कपाळ आणि गाल. नाकाच्या बाजूंना रंग गडदच असतो. कडा फिक्या पडल्या, पण मधला भाग बोटाला अजून गार आणि चिकट लागतोय, की धुवायला घ्या. साधारण दहा मिनिटं, कोरड्या त्वचेला पाचही पुरे. पंख्याखाली बसू नका. चुकून वाळलाच तर खरवडू नका, ओला कपडा ठेवून मऊ होऊ द्या. धुतल्यावर लगेच मॉइश्चरायझर लावा.

धुतल्यावरची हलकी लाली थोड्या वेळात जाते. दुसऱ्या दिवशीही आग होत असेल, खाज किंवा पुरळ असेल, तर ती माती बंद करा. ‘आतली घाण बाहेर पडतेय’ असं कुणी समजावलं, तर ऐकू नका. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. त्वचेवरची माती आतून काही ओढून आणत नाही. त्रास होतोय, तर तो त्रासच आहे.

तो बऱ्याचदा मातीची निवड चुकल्यानेही होतो. केओलिन ही माती सौम्य असते, पाण्यात फारशी फुगत नाही. कोरड्या, नाजूक त्वचेला तीच बरी. बेंटोनाइट या दुसऱ्या मातीच्या थरांत पाणी शिरतं, ती फुगते आणि तेल जोरात ओढते. शिवाय तिचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साधारण 8 ते 10, तर त्वचेचा 5 च्या आसपास. रोज लावली तर त्वचा कोरडी पडणारच. आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं. सामू उतरवायला लिंबू पिळायचा सल्ला तर साफ चुकीचा आहे. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊ शकतात, काळे डाग राहतात. मुरमांसाठी रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं औषध चालू असेल तर लेप टाळलेलाच बरा.

गुठळ्या होतात? भुकटीवर पाणी ओतू नका. पाण्यावर भुकटी भुरभुरवा, ती आपोआप भिजून खाली बसू द्या आणि मगच ढवळा. धातूचा चमचा चालतो, तेवढ्याने मातीचे गुण जात नाहीत. भुकटी उडवू नका, तिच्यात बारीक सिलिका असू शकते आणि ती फुफ्फुसांना वाईट. उरलेला ओला लेप साठवू नका, बुरशी येते. सिंकमध्येही ओतू नका, पाइप तुंबतो.

आता खऱ्या धोक्याचं. उघड्या जखमेवर, भाजल्यावर किंवा बाळाच्या नाळेवर माती कधीही लावू नका. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीतच असतात; ऊन दाखवून किंवा उकळून ते मरतीलच असं नाही. रक्तस्राव थांबवायला केओलिन लावलेल्या पट्ट्या वापरतात, हे खरं. पण त्या निर्जंतुक केलेल्या असतात, घरातली पुडी नसते. भाजलं असेल तर 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, एवढंच. मधमाशी चावल्यावर ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर लेप कालवण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

पोट साफ व्हावं म्हणून माती पाण्यात घालून पिणं तर मुळीच नको. मातीत शिसं असू शकतं. 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या बेंटोनाइटच्या काही उत्पादनांत शिसं आढळल्यावर ती वापरू नका, असा इशारा दिला होता. फ्रान्समध्ये जुलाबावरच्या मातीच्या औषधांतही शिशाचे अंश असू शकतात म्हणून 2019 मध्ये ती दोन वर्षांखालच्या मुलांना न देण्याची सूचना निघाली. पोटात गेलेली माती बद्धकोष्ठ करते आणि इतर औषधं स्वतःला चिकटवून घेते, मग त्या गोळ्यांचा गुण येत नाही.

मुलाला किंवा गरोदर बाईला माती खावीशीच वाटत असेल, तर ते शरीरात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. दटावून ते थांबत नाही. डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी करून घ्या.