परिपत्रक आलं, पण मंडळीपर्यंत पोहोचलं का? गावच्या चर्चने टाळायच्या चुका

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. या वर्षांत मंडळीला जो त्रास झाला, त्यात पैशाची अफरातफर कुठेच नव्हती. वेळेवर आलेला कागद एकाच माणसाच्या फोनमध्ये किंवा पिशवीत पडून राहिला, एवढंच कारण होतं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि कमिटीतल्या भावाबहिणींसाठी म्हणून हे लिहितो आहे.

सूचना पाळकांच्या फोनवरच राहते

डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताच्या, ऑफिसातून पत्र आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. पाळकसाहेब ते मंडळीच्या ग्रुपवर टाकतात आणि शुभ सकाळच्या फुलांखाली ते गडप होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वावरात असलेला माणूस रात्री ग्रुप उघडत नाही. मेळघाटातल्या गावांत तर रेंज मिळायला बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागते. म्हणून पत्र आलं की त्याची झेरॉक्स काढा, आवक रजिस्टरला नोंदवा आणि रविवारी आशीर्वादापूर्वी सूचनांच्या वेळी वाचून दाखवा. अख्खं पत्र वाचलं तर लोक कंटाळतात. काय करायचं, कोणी करायचं आणि शेवटची तारीख कोणती, एवढंच सांगा. जबाबदारी घेणाऱ्याचं नाव तिथेच लिहून ठेवा.

जुनी पत्रंही फिरत येतात. तारीख, जावक क्रमांक आणि सही पाहिल्याशिवाय वेदीवरून काहीही वाचू नका. शंका आली तर ऑफिसला फोन करा. पाळकांची बदली रद्द झाल्याचं खोटं पत्र वाचलं गेलं, तर दोन घरांची बोलचाल बंद होते.

कमिटी बदलली, पण नोंदीत जुनीच राहिली

ही चूक सगळ्यांत महाग पडते. आम्ही नवी कमिटी निवडली, प्रार्थना केली, पेढे वाटले आणि घरी गेलो. तीन वर्षांनी बँकेने केवायसी मागितली. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीवरच्या विश्वस्तांपैकी दोघे देवाघरी गेले होते. खातं अडकलं आणि चर्चच्या छपराचं काम पावसाळ्याच्या तोंडावर थांबलं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. निवड असो, राजीनामा असो की मृत्यू. तुमची मंडळी स्वतः नोंदलेला ट्रस्ट आहे की डायोसिसच्या ट्रस्टखाली येते, हे आधी शेड्यूल-1 च्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदवहीच्या) उताऱ्यावरून पक्कं करा. डायोसिसच्या ट्रस्टखाली असाल, तर रिपोर्ट तिकडूनच जातो.

मुदत टळली असेल तर घाबरू नका. विलंब माफीचा अर्ज जोडा आणि जुन्यातला जुना बदल आधी दाखल करा. मधली एक निवडणूक गाळून थेट आजची कमिटी दाखवायला गेलात, की प्रकरण अडतं. सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठरावाची प्रत, नव्यांची संमतीपत्रं आणि गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले जमवा. सभेची नोटीस आम्ही कधी जपलीच नव्हती, तिच्यासाठी चार फेऱ्या झाल्या.

जमिनीचंही तसंच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झालं. सहा वेगवेगळ्या चर्च परंपरा एकत्र आल्या, पण कित्येक सातबाऱ्यांवर अजून जुन्या मिशनचंच नाव दिसतं. तुमचा सातबारा वर्षातून एकदा तरी काढून पाहा. आणि चर्चचं वावर दहा वर्षांहून जास्त, किंवा घर, दुकान, बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त काळासाठी देताना कलम 36 ची धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. विक्रीला तर लागतेच. इसार घेऊन मग परवानगीला धावणारे मी पाहिले आहेत.

लग्न आणि बाप्तिस्मा

भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम 1872 चा आहे आणि त्यात लग्नाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी दिली आहे. काही चर्चांना विशेष परवान्याची सवलत आहे, पण तो परवाना आधी हातात पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे ऊन 45 अंशांवर जातं, वऱ्हाड उशिरा निघतं, हे खरं. तरी नवरदेवाकडच्यांना पत्रिका छापण्याआधीच वेळ सांगा. ज्या पाळकांना कायद्याने अधिकार किंवा परवाना नाही, त्यांनी लग्न लावणं हा गुन्हा आहे. पुढे पासपोर्टच्या वेळी असं लग्न झालेल्या मुलीचे हाल होतात.

बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत जन्म प्रमाणपत्रच लागतं. बाळाची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत झाली का, हे पाळकांनी बाप्तिस्म्याआधीच विचारावं. रजिस्टरमध्ये चूक झाली तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारून समासात दुरुस्ती लिहा, खाली सही करा.

पाहुण्यांनी दिलेला पैसा

परदेशी पाहुणा उपासनेला येतो आणि प्रेमाने अर्पणाच्या थैलीत काही टाकतो. मंडळीची एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायद्याखालची) नोंदणी नसेल तर ते घेता येत नाही, रुपयांत असलं तरी. नम्रपणे परत करा. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस बाहेर राहून स्वतःच्या कमाईतून देतो, ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याने नागरिकत्व बदललं असेल तर ठरतं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं) असलं तरी. नोंदणी असलेल्यांनी हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा आणि वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत भरावं. वर्षभरात एक रुपयाही आला नसला तरी ते भरावं लागतं.

कापणीच्या सणाला तूर, ज्वारी, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. रक्कम तिथेच दोघांनी मोजावी, बोली घेणाऱ्याला पावती द्यावी, सोमवारी बँकेत भरावी.

मागच्या जूनमध्ये आमचे पाळकसाहेब बदलून गेले. या वेळी पेटीतली सगळी रजिस्टरं, शेड्यूलचा उतारा आणि चर्चच्या ईमेलचा पासवर्ड यांची यादी केली. जुन्या आणि नव्या पाळकांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत कमिटीकडे ठेवली. या कामाला दीड तास लागला.