कोरियात फोनवरून पार्सल मागवताना

कोरियात नवीन आलात की जेवण मागवायच्या ॲपवर बरेचदा तिथला मोबाईल नंबर किंवा कार्ड लागतं. मग सरळ दुकानात फोन लावावा. फोन उचलला की आधी विचारा, "पोजांग द्वेयो?" म्हणजे पार्सल मिळेल का. घरपोच नकोच, फोनवर कोरियन पत्ता सांगणं नवख्याला जड जातं.

खरी गडबड आकड्यांची होते, कारण कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत. नग मोजताना हान, दू, से: दोन किंबाप (समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भाताचा रोल) म्हणजे "किंबाप दू जुल". मिनिटं आणि फोन नंबर मात्र इल, ई, साम या दुसऱ्या संचात. "ओल्माना गोल्योयो?" (किती वेळ लागेल?) विचारलंत की उत्तर येईल "इशिप बुन", म्हणजे वीस मिनिटं. तुमचा नंबर, निदान शेवटचे चार आकडे विचारतील. शून्याला "गोंग" म्हणतात. त्या नंबरचे कोरियन उच्चार देवनागरीत कागदावर लिहून समोर ठेवा आणि एकेक आकडा सावकाश वाचा.

शाकाहारी असाल तर "गोगी पे जुसेयो" (मांस काढा) पुरत नाही. साध्या किंबापमध्येही बरेचदा हॅम आणि ओमुक (माशाच्या लगद्याची वडी) असतो, त्यामुळे नावं घेऊनच सांगा: "हेमिरांग ओमुक पे जुसेयो." तिखट कमी हवं असेल तर "दोल मेपके हे जुसेयो". समोरचा भरभर बोलायला लागला तर "चॉनचॉनी मालसुमे जुसेयो" म्हणा, वेग कमी करतात. पैसे दुकानात पार्सल घेताना द्या.