चिनी पोराला परदेशात बास्केटबॉल खेळायचंय? आधी करार वाचा

२०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, चीनचा यांग हानसेन सोळावा निवडला गेला आणि आमच्या शांघायच्या सोसायटीत ज्या ज्या घरात उंच पोरगं आहे, तिथे दुसरा विषयच उरला नाही. मी एकेकाळी नागपुरात विद्यापीठाच्या संघातून खेळलेला माणूस. इथे नोकरीनिमित्त राहतो आणि रविवारी पोरांबरोबर कोर्टवर उतरतो. त्यामुळे इंग्रजी नियमावल्या वाचून दाखवणं, परदेशी प्रशिक्षकांना पत्रं लिहून देणं हे काम आपसूक माझ्याकडे आलं. चीनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना शेजारीपाजारी हेच विचारत असतील, म्हणून मी सांगतो तो क्रम इथे लिहून ठेवतोय.

पालक पहिला प्रश्न विचारतात, "अमेरिकेत ओळख आहे का?" मी उलट विचारतो, "तेराव्या-चौदाव्या वर्षी कुठल्या कागदावर सही केलीत?" चीनमध्ये गुणी मूल क्रीडाप्रबोधिनीतून क्लबच्या युवा संघात जातं. राहणं, जेवण, प्रशिक्षण क्लब बघतो, त्या बदल्यात मुलाची नोंदणी क्लबच्या नावावर होते. यात वावगं काही नाही, क्लबने पैसा आणि वर्षं घातलेली असतात. पण पुढे परदेशी जायचं झालं तर सोडणारा तोच क्लब असतो. झोऊ ची हा खेळाडू एनबीएत खेळून आलेला, राष्ट्रीय संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. २०२१मध्ये त्याचा शिनजियांगच्या क्लबशी असलेला करार संपला, तरी त्याला करारबद्ध करण्याचा हक्क कुणाचा यावर वाद झाला आणि तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संघाकडून खेळायला गेला. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूची ही गत, तर पंधरा वर्षांच्या पोराचं काय?

म्हणून सहीआधी तीन गोष्टी लेखी मागा. करार किती वर्षांचा आणि तो संपल्यावर क्लबकडे कुठला हक्क राहतो. परदेशी संघाने घेतलं तर सोडण्याची रक्कम किती. आणि शिक्षणासाठी बाहेर जायचं ठरलं तर काय. रकमेचा आकडा आधीच ठरवून घ्या, कारण एनबीएचा संघ त्या रकमेतला ठरावीक भागच स्वतः भरू शकतो. उरलेले पैसे खेळाडूच्या कमाईतून जातात. २००२मध्ये याओ मिंग पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, पण क्लब आणि चिनी संघटना यांच्या परवानग्यांचा घोळ ड्राफ्टच्या अगदी तोंडावर मिटला होता.

क्लबमध्ये डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकांशी वाढीची जागा किती शिल्लक आहे ते बघून पोरगं किती उंच होईल याचा अंदाज बांधतात, आणि अंदाज मोठा आला की त्याला बास्केटखाली उभं करून टाकतात. इथे पालकांनी बोलायला हवं. चेंडू हाताळणं आणि पास देणं हे उंच मुलालाही रोज शिकवा, असा आग्रह धरा. यांग हानसेन सात फुटांहून उंच आहे, पण त्याचं नाव झालं ते त्याच्या पासिंगमुळे. २०२३मध्ये हंगेरीतल्या डेब्रेत्सेनला १९ वर्षांखालील विश्वचषकात तो बास्केटजवळ चेंडू घेऊन मोकळ्या साथीदाराला हुडकून काढत होता, ते परदेशी लोकांच्या डोळ्यांत भरलं.

मग वय बघा, कारण दार वयावर ठरतं. १८ वर्षांखालच्या खेळाडूला नुसत्या बास्केटबॉलसाठी एका देशाच्या क्लबमधून दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाऊ देत नाहीत. फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाचा तसा नियम आहे, अपवाद थोडे. कुणी एजंट सोळाव्या वर्षी युरोपातला करार दाखवू लागला, तर त्याला फिबाच्या नियमाचं कलम दाखवायला सांगा. या वयात खरी वाट शाळेची. नववीनंतरच्या झोंगकाओ परीक्षेच्या आसपास निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धेच्या वरच्या गटात खेळायचं तर शालेय वर्षांतले १६ ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण लागतात, आणि दिवसभर सराव करून संध्याकाळी पेंगत वर्गात बसणाऱ्या मुलाचे ते होत नाहीत. शिवाय क्लबकडून पगार घेतलेला असेल तर विद्यापीठाची पात्रता अडचणीत येऊ शकते. तेव्हा विद्यापीठ की क्लब, हे पहिल्या पगाराआधी ठरवा. वांग जुनजिए कॅनबेराच्या अकादमीतून सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात गेला. मला ही वाट मनापासून आवडते, कारण गुडघा गेला तरी पदवी हातात राहते.

अठरानंतर दारं वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये आणि जपानच्या बी लीगमध्ये आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवलेली असते, म्हणजे अमेरिकी खेळाडूशी त्याच एका जागेसाठी झुंजावं लागत नाही. जाताना चिनी संघटनेकडून मोकळीक-पत्र, म्हणजे लेटर ऑफ क्लिअरन्स, लागतं. ते आल्याशिवाय तिकडे नोंदणी होत नाही, म्हणून विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. एनबीए ड्राफ्टसाठी त्या वर्षात १९ पूर्ण होत असतील तर नाव देता येतं, आणि परदेशी खेळाडू २२ व्या वर्षी आपोआप पात्र होतो. नाव मागे घ्यायची मुदत ड्राफ्टच्या दहा दिवस आधी संपते, ती तारीख घरातल्या दोघांना तरी पाठ हवी.

निवड झाली नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्सुई योंगशी २०२४मध्ये निवडला गेला नाही, समर लीग, म्हणजे एनबीएची उन्हाळी स्पर्धा, खेळला आणि ब्रुकलिन या एनबीए संघाचा टू-वे करार मिळवला. अशा करारात वेळ मुख्य संघ आणि जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) यांत वाटला जातो. डिसेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. म्हणून करार हातात आला की दुखापतीचं कलम पगाराच्या आकड्याआधी वाचा. शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, पुढचे नऊ-दहा महिने व्यायाम कुणाच्या देखरेखीखाली होणार, ते विचारा.

आता इंग्रजी. इथल्या शिकवण्या व्याकरण घोटून घेतात, आणि कोर्टवर ते कामाला येत नाही. बचावात बोलायला अर्धा सेकंद मिळतो. आमच्याकडचा एक सेंटर परीक्षेत उत्तम गुण मिळवायचा, पण डावीकडून स्क्रीन, म्हणजे आपल्या बचावपटूची वाट अडवून उभा राहणारा प्रतिस्पर्धी, आली की गप्प. त्याच्याच संघातला गार्ड आंधळेपणाने तिच्यावर आदळायचा. आता रविवारी मी कोर्टच्या मधोमध उभा राहतो, दोघे स्क्रीन लावतात आणि त्याने चेंडू पोचायच्या आत ओरडायचं: "स्क्रीन लेफ्ट!" लगेच पुढचा शब्द: "स्विच!" (माणूस बदला) किंवा "ड्रॉप!" (मी मागे हटतोय) ओरडला नाही तर तो डाव धरायचा नाही. आवाज पोटातून यायला हवा, कारण भरलेल्या स्टेडियममध्ये पुटपुटलेलं कुणाला ऐकू जात नाही. यानंतर डॉक्टरला दुखणं सांगायचं इंग्रजी शिकवा: कुठे दुखतं, कधीपासून, वळताना की उडी मारून खाली येताना. लाजून "ठीक आहे" म्हणणारा पोरगा दुखणं वाढवून घेतो.

व्हिडिओ पाठवताना डंकची जंत्री पाठवू नका. दोन-तीन पूर्ण सामने पाठवा, त्यातला एक हरलेला असू द्या. चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, हे बघणाऱ्याला त्यातच दिसतं.

मुलींचं गणित वेगळं आणि माझ्या मते जास्त सोपं. डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेची महिला लीग, उन्हाळ्यात चालते, चीनची महिला लीग हिवाळ्यात, म्हणून क्लब न सोडता दोन्हीकडे खेळता येतं. हान शू २०१९मध्ये न्यूयॉर्ककडून चौदावी निवडली गेली, ली युएरूही तिकडे खेळली. फक्त निवडीच्या वर्षात वयाची वीस पूर्ण व्हायला हवीत. आणि बारा महिने खेळणाऱ्या शरीराला सुट्टी कधी, हे आईवडिलांनीच ठरवून द्यावं लागतं.

राष्ट्रीय संघाचं बोलावणं हलक्यात घेऊ नका. एनबीएत खेळलेला पहिला चिनी खेळाडू वांग झिझी २००२मध्ये शिबिराला परतला नाही, तर राष्ट्रीय संघाबाहेर गेला आणि २००६मध्येच मायदेशी आला. परदेशी करारात राष्ट्रीय संघासाठी मोकळे दिवस लिहून घ्या. त्याच बैठकीत परतीचंही विचारा. झेंग फानबो २०२१मध्ये जी लीगच्या इग्नाइट संघात गेला, हंगामाआधीच परतला आणि बीजिंगकडून खेळू लागला. तुमचं पोरगं असं मधेच परतलं तर त्याची नोंदणी कुठल्या क्लबकडे, कुठल्या महिन्यात होऊ शकेल, हे निघण्याआधी क्लबच्या शिक्क्यासह कागदावर घ्या आणि एक प्रत मुलाच्या बॅगेत ठेवा.