वजन बदललं की ब्लाउजचं काय करायचं: मुंढा कापू नका, बगल जोडा

वजन वाढलं की लोक सांगतात सैल घाल आणि काळं घाल, आणि कमी झालं की सांगतात आता सगळं नवीन घे. हे सल्ले देणाऱ्यांनी आयुष्यात एक ब्लाउज उसवलेला नसतो. माझं वजन गेल्या बारा वर्षांत ५६ वरून ७४, मग ६१, मग परत ६८ असं फिरून आलंय (बाळंतपण, थायरॉईड, एक अतिउत्साही डाएट आणि मग परत माणसासारखं जेवायला लागणं), पण साड्या त्याच आहेत. साडीचं काही बिघडत नाही हो, साडेपाच मीटर कापड आहे ते, दोन निऱ्या कमी झाल्या की जमलं. सगळं भांडण असतं त्या ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसशी. म्हणून हा लेख मुख्यतः ब्लाउजचा आहे, त्यातही मुंढ्याचा (म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईचा), कुर्ते आणि पँट शेवटी उरकते.

आणि ते आडव्या रेघांचं एकदा संपवू या. आडवे पट्टे घातले की जाड दिसतो असं आपल्याला शाळेपासून ऐकवलंय, पण हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद दिसतो. तेव्हा पट्ट्यांची साडी आवडत असेल तर नेसा. जाड दिसतो ते न बसणाऱ्या ब्लाउजमुळे, बगलेत चुण्या आणि दंडावर वळ पडतात ना, त्याच्यामुळे.

कधी हात घालायचा

वजन दोन-तीन महिने एका जागी टिकलं की. उतरत असताना दर महिन्याला ब्लाउज आत घेत बसलात तर रेशमी कापडावर जुन्या टिपांच्या भोकांची रांगोळी होते आणि ती जात नाही. सुती कापडावरची भोकं एका धुण्यात आणि वाफेच्या इस्त्रीत बरीचशी मिटतात, रेशीम आणि ऑर्गन्झा मात्र काही विसरत नाही. मधल्या काळासाठी ताणणारे होजिअरीचे दोन रेडिमेड ब्लाउज घ्या, एक काळा आणि एक सोनेरी, सगळ्या साड्यांवर खपतात.

मार्जिन बघणं आणि हिशोब

ब्लाउज उलटा करा, बाजूच्या शिलाईत किती कापड दाबलंय ते बघा. आता हिशोब नीट समजून घ्या, कारण इथेच माणसं चुकतात. ब्लाउजला बाजू दोन, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे चार. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला तर घेरात दोन इंच वाढतात. दोन इंच हवेत म्हणून दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडायला निघालेली बाई मी बघितलीय, तिचा ब्लाउज पोत्यासारखा झाला आणि दोष मशीनला गेला. चांगला शिंपी इंच-दीड इंच मार्जिन ठेवतो, म्हणजे शिलाईपुरतं पाव इंच ठेवूनही तीन ते पाच इंचांची सोय असते, रेडिमेडमध्ये शोधू नका, तिथे ओव्हरलॉकला चिकटून टीप असते.

छातीचं माप घेताना साडीखाली जी ब्रा घालणार तीच घालून घ्या, आणि अंगाच्या मापावर एक-दीड इंच ढिलाई धरा.

सोडायचं असेल तर आधी मार्जिनमध्ये नवी टीप मारायची, मग जुनी उसवायची. आधी उसवलंत तर अस्तर एकीकडे आणि कापड दुसरीकडे जातं. आत घ्यायचं असेल तरी क्रम तोच, आणि उरलेलं मार्जिन कृपा करून कापू नका. वजन परत येतं. माझं आलं.

हूक सरकवून भागवू नका. पुढच्या मध्यावर जागा वाढवली की टक्स (छातीच्या गोलाईसाठी शिवलेल्या चिमट्या) बाजूला सरकतात, टोकं भलतीकडे येतात, आणि तरी दंडाला घट्टच राहतं.

आता मुंढा

इथे सावकाश वाचा. वजन वाढलं की सगळ्यात आधी काय घट्ट होतं? छाती नाही, दंड आणि बगल. हात पुढे घेतला की मागून ओढ बसते, बाही दंडात रुतते. अशा वेळी दहातले नऊ शिंपी, आणि जवळपास सगळ्या शेजारणी, एकच सांगतात: मुंढा खाली कापून घे, मोकळं वाटेल. मीही घेतला. आईच्या गर्भरेशमी साडीवरचा ब्लाउज होता, मुंढा पाऊण इंच खाली घेतला, आरशासमोर हात खाली सोडून उभी राहिले तर छान मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या हळदीकुंकवासाठी तो घालून डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढले, वरच्या हँडलला हात घातला आणि अख्खा ब्लाउज हाताबरोबर वर. खालची पट्टी छातीच्या मध्यावर. दादरपर्यंत एक हात वर आणि दुसऱ्या हाताने पदर धरून उभी होते, बसायला कुणी दिलं नाही ते वेगळंच.

कारण साधं आहे. मुंढा जितका खाली, तितकी बाही कमरेच्या जवळ जोडली जाते. मग हात उचलला की बाही धडाला ओढते. मुंढा बगलेच्या जवळ असेल, म्हणजे बगलेखाली जेमतेम एक बोट जाईल इतका, तर हात वर जातो आणि ब्लाउज जागच्या जागी राहतो. म्हणजे घट्ट वाटणाऱ्या ब्लाउजला खोली नको असते, रुंदी हवी असते. बाहीत रुंदी आणि छातीत रुंदी, दोन्ही एकदम, आणि ती बगलेतूनच द्यावी लागते. कापलेला मुंढा परत वर येत नाही हो, तिथलं कापड गेलं म्हणजे गेलं.

आपल्याकडे बहुतेक शिंपी बाही आधी सपाट जोडतात आणि मग बाहीच्या तोंडापासून बगलेतून कमरेपर्यंत एकच लांब टीप मारतात. हे आपल्या फायद्याचं आहे. मार्जिन पुरत असेल तर नवी टीपही तशीच, बाहीपासून कमरेपर्यंत न थांबता मारा. फक्त छातीला सोडून बगलेत जुन्या टिपेला मिळवली की तिथे गाठीसारखी चुणी येते आणि ती इस्त्रीने जात नाही. बाही गोल लावलेली असेल तर बगलेजवळची चार-चार बोटं बाही उसवा, बाजू सोडा, मग बाही परत लावा. वैताग आहे, पण पर्याय नाही.

मार्जिन संपलं असेल तर पट्टी. आजोबांच्या जुन्या सदऱ्यात बगलेत चौकोनी तुकडा असायचा, कुणी त्याला चौबगला म्हणतात, तीच अक्कल इथे वापरायची. फक्त चौकोनाऐवजी बाहीच्या तोंडापासून कमरेपर्यंत जाणारी, शेंगेसारखी पट्टी: बगलेत सगळ्यात रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. समजा घेरात तीन इंच हवेत, तर एका बाजूला दीड इंच, अधिक दोन्हीकडच्या शिलाईचा अर्धा-अर्धा, म्हणजे बगलेपाशी पट्टी अडीच इंच रुंद. कमरेलाही वाढलं असेल तर खालचं टोक तितकं निमुळतं करू नका, उघड आहे. कापड उरेब, म्हणजे तिरकं कापा, सरळ नाही. उरेब कापड थोडं ताणलं जातं, हात हलला की देतं. आणि अस्तराचीही तशीच पट्टी काढा, नाहीतर वरचं कापड देईल आणि अस्तर टर्रकन फाटेल.

कापड कुठून आणायचं? ब्लाउजपीसचा तुकडा जपून ठेवला असेल तर तुम्ही शहाण्या. नसेल तर साडीच्या आतल्या टोकाचं, जे कमरेत खोचलं जातं, तिथून वीतभर काढा आणि टोकाला पिको करा. तेही नको वाटत असेल तर मिळत्या रंगाचं टू बाय टू (ब्लाउजचं साधं कापड), दादरच्या हिंदमाता बाजारात सगळे रंग मिळतात. बगलेत कोण बघतंय? लेकीच्या एका भरजरी ब्लाउजला मी साधी मरून पट्टी लावलीय, लग्नभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि आता जिथे मी सहा वेळा उसवलं ते. पट्टी कमरेकडून शिवत वर जायचं नाही. तसं केलं की उरेब कापड सरकत-ताणत जातं आणि बगलेशी पोचेपर्यंत मुंढ्याची पुढची शिलाई एकीकडे आणि मागची भलतीकडे. पट्टीच्या सगळ्यात रुंद जागी दोन्ही कडांवर समोरासमोर खडूची खूण करा. मुंढ्याची पुढची शिलाई एका खुणेवर, मागची दुसऱ्या खुणेवर, टाचणीने पक्कं करा. मग बगलेपासून सुरुवात करायची: बगलेकडून कमरेकडे एक टीप, परत बगलेला येऊन बाहीकडे दुसरी. त्याआधी धावदोरा (हाताचे लांब कच्चे टाके) घाला. धावदोरा न घालता जमतं म्हणणाऱ्यांनी मला घरी येऊन करून दाखवावं. कच्चं झालं की घाला, हात वर करा, आरशात ब्लाउजची कमरेची पट्टी बघा. इंचभर उचलली तर ठीक, त्याहून जास्त तर अजून कुठेतरी अडतंय. रेशमाला ११ नंबरची सुई, सुतीला १४.

वजन कमी झालं असेल तर

बाजूंनी आत घ्या, पण घेरात चार इंचांच्या पुढे नाही. त्यापुढे गळा आणि खांदा तसेच मोठे राहतात आणि ब्लाउज मोठ्या बहिणीचा वाटतो. खांदा हाडाच्या बाहेर अर्ध्या इंचाहून जास्त लोंबत असेल तर बाही काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मुंढा खोल गेलाय असं वाटलं (वजन उतरलं की तो लोंबतोच) तर खांद्याची शिलाई अर्धा इंच वर घ्या, मुंढा आपोआप वर येतो. त्याबरोबर गळाही वर येतो, आणि मुंढ्याचा घेर इंचभर कमी होतो, म्हणून बाहीही तेवढी आत घ्यावी लागते, हे विसरलात तर बाहीला फुगे येतील. मागचा खोल गळा खांद्यावरून घसरत असेल तर डोरी लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

कटोरी ब्लाउज (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा असलेला) असेल आणि छातीतच फरक पडला असेल तर त्याच्या नादी लागू नका, वाटी बदलता येत नाही. प्रिन्सेस कटला पुढे दोन उभ्या शिलाया असतात, तिथून थोडं घेता-सोडता येतं. माझं वजन स्थिर नाही हे मला आता कळलंय म्हणून मी नवे सगळे प्रिन्सेसच शिवते आणि शिंप्याला दीड इंच मार्जिन सांगते, तो कुरकुरतो, ठेवतो.

बाकीचं

परकर: घट्ट नाडी ओढून पोट आत घ्यायचा प्रकार बंद करा, रुंद पट्टीचा परकर घाला आणि नाडी सैल बांधा. एकाच जागी वर्षानुवर्षं काचून झालेल्या जखमेचा कॅन्सर झाल्याच्या दोन केसेस वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये छापल्यात. कमरेला काळा पट्टा आणि खाज असेल तर दाखवून घ्या.

कुर्ता: बाजूला कळ्या लावा, कॉन्ट्रास्टमध्ये लावल्या तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं. बगलेत वरचीच उरेब पट्टी.

पुरुषांची पँट: मागच्या मधल्या शिलाईत मार्जिन असतं, दीड-दोन इंच सहज सुटतात. फक्त दाबलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं, जुन्या पँटीत ती रेघ दिसते. जीन्समध्ये सोडायला काही नसतं.

स्वतः शिवत नसाल तर शिंप्याकडे "जरा फिटिंग करून द्या" म्हणून पिशवी ठेवून येऊ नका, तो मुंढाच कापणार. ब्लाउज घालून दाखवा, त्याच्यासमोर हात वर करा, कुठे ओढतंय ते बोटाने दाखवा, आणि सांगा: दादा, मुंढ्याला कात्री नाही लावायची, बगलेत उरेब पट्टी, अस्तरासकट. कापड तुम्हीच द्या. पहिला एकच ब्लाउज द्या, रोजचा, आणि तो घालून एकदा लोकलने जाऊन या, मग बाकीचे.